मातीची गाळणी : छिद्र आणि बळ

२०१६ सालच्या एप्रिलमध्यें मिरजेहून पाण्याची आगगाडी लातूरला आली, ती गोष्ट आपल्या स्मरणांत असेलच. पहिल्या खेपेस पांच लाख लिटर पाणी आलें. पाणी मिळणें हा एक प्रश्न, आणि मिळालेलें पाणी पिण्याजोगें करणें हा दुसरा. त्यासाठीं पुष्कळांच्या घरीं फिल्टर असतो व त्यांत पांढरी कँडल असते. भाजलेल्या मातीच्या या वस्तूच्या अंगीं गाळण्याचें सामर्थ्य येतें कोठून, याचा आज विचार करूं.

सच्छिद्र तर आपला माठहि असतो. म्हणूनच तो पाझरतो आणि पाणी गार ठेवतो. कुंभार मातींत लीद व भुसा कालवतो. आव्यांत ते जळून जातात आणि त्यांच्या जागीं पोकळी राहते. (आपल्याकडची काळी माती एकटी या कामास येत नाहीं, ती भिजली कीं फुगते आणि वाळली कीं तडकते. उन्हाळ्यांतील शेतांच्या भेगा कोणीं पाहिल्या नाहींत?) परंतु माठ म्हणजे गाळणी नव्हे. त्याचीं छिद्रें लहानमोठीं, वाटेल तशीं असतात. आणि गाळणीची परीक्षा तिच्या सरासरी छिद्रावरून होत नसून सर्वांत मोठ्या छिद्रावरून होते. मिलिमीटरच्या हजाराव्या भागास मायक्रॉन म्हणतात. पटकीच्या जंतूची जाडी सुमारें अर्धा मायक्रॉन. लक्षावधि छिद्रें बारीक असून एकच भेग राहिली, तरी त्यास तेवढी वाट पुरते.

पाश्चर यांचे सहकारी शांबरलां यांनीं १८८४ सालीं झिलई न दिलेल्या चिनी मातीची नळी करून पाण्यांतील जंतु अडविले. पुढें १८९२ सालीं रशियांत इव्हानोव्स्की यांनीं तंबाखूच्या रोगट पानांचा रस अशाच नळींतून गाळला, तरी गाळलेला रस रोग लावीतच राहिला. जंतूंहूनहि सूक्ष्म अशा विषाणूंचा माग येथून लागला. गाळणीच्या अपयशानें शास्त्राचें एवढें कल्याण क्वचितच झालें असेल!

आतां खरी अडचण पाहा. छिद्राचा व्यास निम्मा केला, तर दाब व लांबी तीच असतां त्यांतून येणारें पाणी सोळाव्या हिश्श्यावर येतें. बरें, छिद्रें पुष्कळ करावीं, तर भिंत ठिसूळ होते. भट्टी अधिक तापवावी, तर कण एकमेकांस घट्ट चिकटून बळ येतें खरें, पण छिद्रेंच बुजूं लागतात. छिद्र आणि बळ यांचें असें हाडवैर आहे.

यावर कारागिरांनीं काढलेली तोड मोठी नामी आहे. त्यांनीं दोन्ही कामें दोघांस वांटून दिलीं. नळीची जाड भिंत अॅल्युमिनाच्या भरड कणांची करून ती सुमारें १५०० अंश सेंटिग्रेड उष्णतेवर भाजतात. कण जेथें टेकतात तेथें जुळतात. मधल्या पोकळ्या मोकळ्या राहतात. या भिंतीवर अधिकाधिक बारीक कणांचे पातळ थर देऊन ते उत्तरोत्तर कमी आंचेवर भाजतात. सर्वांत वरचा पापुद्रा अवघ्या कांहीं मायक्रॉन जाडीचा असतो. गाळण्याचें काम पापुद्रा करतो, भार भिंत सोसते. आणि पापुद्रा पातळ असल्यानें बारीक छिद्रांतूनहि पाणी फारसें अडून राहत नाहीं.

कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेनें अशा नळ्या पश्चिम बंगालमधील आर्सेनिकयुक्त पाण्यासाठीं योजिल्या. मात्र तेथें आर्सेनिक आधीं लोहयुक्त कणांवर बसवावें लागतें. नळी अडविते ते कण. पाण्यांत विरघळलेल्या द्रव्यास हीं छिद्रें म्हणजे उघडीं दारेंच होत. नांदेड जिल्ह्यांत कांहीं गांवांच्या भूजलांत फ्लोराइड आढळतें. साधी कँडल तें अडवीत नाहीं, आणि पाणी उकळल्यानेंहि तें जात नाहीं. पाणी नितळ दिसलें म्हणून निर्धास्त होणारे सुशिक्षितहि थोडे नाहींत, म्हणून हें मुद्दाम सांगतों.

घरच्या कँडलीची एक परीक्षा सोपी आहे. ती पाण्यांत पुरती भिजवून, बुडालेली असतांनाच तिच्या तोटीला स्वच्छ नळी लावून फुंकावें. बारीक छिद्रांतील पाणी फुंकरीच्या जोरानें हटत नाहीं. एखाद्या जागेवरून, विशेषतः टोपीच्या सांध्यापाशीं, बुडबुडे आले तर तेथें भेग आहे असें समजावें व ती कँडल बदलावी.