हवाई वाहतूक नियंत्रक : मुंबईच्या आकाशातील एक पेशा

वसईजवळच्या कळंबपासून मुंबई विमानतळ सरळ रेषेत पस्तीस-चाळीस किलोमीटरवर आहे. तेथे उतरायला निघालेले विमान या भागात येते तेव्हा त्याने किती उंचीवर, कोणत्या दिशेने आणि किती वेगाने जायचे हे जमिनीवरचा हवाई वाहतूक नियंत्रक ठरवत असतो. हा नियंत्रक उंच टॉवरच्या काचेआड बसतो, असा सर्वसाधारण समज आहे. कळंबच्या टप्प्यातील विमानाशी बोलणारा नियंत्रक मात्र रडारच्या पडद्यासमोर असतो आणि ते विमान त्याला प्रत्यक्ष कधीच दिसत नाही.

कामाची विभागणी अंतरानुसार होते. दूरच्या मार्गांवरील विमाने ‘एरिया कंट्रोल’कडे असतात, विमानतळाकडे वळलेली ‘अप्रोच’कडे आणि अखेरच्या टप्प्यातली ‘टॉवर’कडे. धावपट्टी सोडल्यावर ‘ग्राउंड’ त्यांना थांब्यापर्यंत नेतो. मुंबईच्या टॉवरची सध्याची इमारत सुमारे 84 मीटर उंच असून तिचे उद्घाटन 2013 मध्ये झाले. विमानतळ खासगी कंपनी चालवत असली, तरी हवाई वाहतूक नियंत्रण भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडेच आहे.

मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत, आणि एका दिवसात हजाराहून अधिक विमानांची ये-जा झाली तीही प्रत्यक्षात एकेका धावपट्टीच्या बळावर. ‘अप्रोच’च्या नियंत्रकाचे कौशल्य इथे लागते. गुजरातकडून, दक्षिणेकडून आणि अरबी समुद्रावरून येणारी विमाने त्याला एका रांगेत आणायची असतात. रडारवर दोन विमानांत साधारण तीन सागरी मैल, म्हणजे साडेपाच किलोमीटर, किंवा उंचीत 1,000 फूट अंतर राखावे लागते. पुढचे विमान अवजड असेल तर मागच्या मध्यम आकाराच्या विमानाला पाच सागरी मैल सोडावे लागतात, कारण अवजड विमानाच्या पंखांमागे हवेचे भोवरे काही काळ टिकून राहतात. अंतर कमी ठेवले तर धोका, आणि उगाच वाढवले तर मागे विमाने घिरट्या घालत राहतात.

या सगळ्याचे साधन म्हणजे बोलणे. नियंत्रक ठरलेल्या इंग्रजी शब्दांत सूचना देतो आणि वैमानिक ती जशीच्या तशी परत म्हणतो. याला ‘रीडबॅक’ म्हणतात. पाच हजारऐवजी चार हजार असे परत आले, तर ते त्याच क्षणी पकडायचे असते; सूचना देण्याइतकेच हे ऐकणेही महत्त्वाचे. प्रत्येक विमानाची एक अरुंद पट्टी, ‘स्ट्रिप’, समोर असते. कागदी पट्टीवर नवी उंची दिली की जुनी खोडून शेजारी नवी लिहितात. पुढच्या नियंत्रकाला पट्टीवर नजर टाकताच सारे कळावे, हा त्यामागचा हेतू.

चूक नेहमी नियंत्रकाचीच असते असे नाही. 24 सप्टेंबर 1972 रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-8 विमान मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळाऐवजी जवळच्या जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरले आणि पुढे घसरत गेले. 12 नोव्हेंबर 1996 रोजी हरियाणातील चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन 349 जण दगावले. कझाक विमानाला 15,000 फुटांवर राहायला सांगितले होते. ते त्याखाली उतरले. त्यानंतर भारतात येणाऱ्या विमानांना टक्कर टाळण्याची यंत्रणा सक्तीची झाली.

या पेशात येण्यासाठी भौतिकशास्त्र व गणितासह विज्ञान पदवी किंवा अभियांत्रिकी पदवी लागते. प्राधिकरण ‘कनिष्ठ कार्यकारी’ पदासाठी परीक्षा घेते. खुल्या गटाला वयोमर्यादा 27 वर्षे, मूळ वेतनश्रेणी 40,000 ते 1,40,000 रुपये. लेखी परीक्षेनंतर आवाज, इंग्रजी, वैद्यकीय आणि अमली पदार्थांची चाचणी होते. प्रशिक्षण प्रयागराज, हैदराबाद किंवा विदर्भातील गोंदिया येथे मिळते. पण खरे शिक्षण नेमणुकीच्या ठिकाणीच होते. प्रत्येक विमानतळावर आणि प्रत्येक जागेसाठी वेगळी पात्रता मिळवावी लागते, तोवर अनुभवी नियंत्रकाच्या देखरेखीखाली बोलायचे. बदली झाली की बऱ्याच अंशी पहिल्यापासून सुरुवात, आणि बदल्या देशभर होतात.

नोकरी फिरत्या पाळ्यांची आहे. पडद्यासमोर सलग बसण्याला मर्यादा असते, मध्ये विश्रांती द्यावीच लागते. रात्रपाळी, सणावारी कामावर असणे आणि कुटुंबापासून दूरची नेमणूक यांची किंमत मोठी आहे. पगार बरा असूनही अनेकांना ती जड जाते. त्यातून मुंबईचा पावसाळा येतो. तेव्हा वीजगर्जनेचे ढग टाळण्यासाठी वैमानिक एकामागून एक वळण मागू लागतात आणि नियंत्रकाने नीट लावलेली रांग काही मिनिटांत विस्कटते.

8 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. दोन्ही विमानतळ एकमेकांपासून इतके जवळ आहेत, की त्यांच्या विमानांना एकच आकाश वाटून घ्यावे लागते. ही वाटणी मुंबईच्या ‘अप्रोच’च्या कामात नव्याने भर घालणारी आहे.