स्पीडोमीटर घेताय? आधी चाक मोजा!

जिन्याखाली वडिलांची जुनी स्कूटर धूळ खात उभी असेल, तर घरातला तरुण मुलगा कधी ना कधी ती नव्याने बांधायचा हट्ट धरणारच. १९७२ साली आलेली चेतक असो, लॅम्ब्रेटा असो की विजय सुपर, हौशी मंडळी रंग, सीट आणि दिव्यांवर सढळ हाताने खर्च करतात. स्पीडोमीटर मात्र दुकानात जो छान दिसेल तो! मग मागे आई किंवा बहीण बसलेली असते, काटा ४० दाखवतो आणि स्कूटर खरी धावत असते ४५ने.

असे का होते? काट्याच्या मीटरला वेग कळत नाही, केबलचे फेरे कळतात. पुढच्या चाकाच्या हबमधला छोटा गिअर केबल फिरवतो. केबल मीटरमधले चुंबक फिरवते, चुंबक ॲल्युमिनियमची वाटी ओढू पाहते आणि बारीक स्प्रिंग तिला धरून ठेवते. या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो वेग! म्हणजे मीटर, गिअर आणि चाकाचा घेर यांचे गणित कारखान्यातच ठरलेले असते.

हा घेर घरीच मोजता येतो. टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, चाकाचा एक फेरा होईपर्यंत स्कूटर ढकला आणि अंतर मोजा. ८ इंची चाकाचा घेर साधारण ११९ सेंटिमीटर भरतो, १० इंचीचा १३५. गिअर आणि मीटर तेच ठेवून चाक मोठे बसवले, की मीटर वेग कमी दाखवणार. त्याच्याशी जोडलेला किलोमीटरचा आकडाही चुकणार. म्हणून पुढचा फोर्क ज्या मॉडेलचा, त्याच मॉडेलचे मीटर, केबल आणि गिअर एकत्रच घ्या. केबलच्या टोकाची जाडी आणि नटाचे आटे दुकानातच जुळवून पाहा. केबलला ग्रीस बेताने लावा. मीटरकडचे टोक कोरडेच बरे, नाहीतर ग्रीस वर चढून काटा चिकटतो.

जुन्या बाजारातल्या परदेशी मीटरची तबकडी दिसते मोठी देखणी! पण ती मैलांची असेल तर तिच्यावरचे ४० म्हणजे आपले ६४.

चाके, फोर्क सगळेच वेगवेगळ्या गाड्यांचे असेल, तर आमच्या मते डिजिटल मीटर सोयीचे. त्यात घेराचा आकडा भरता येतो की नाही, हे मात्र विचारून घ्या. अशा मीटरला बहुधा १२ व्होल्टचा डीसी प्रवाह लागतो. बॅटरी नसलेल्या जुन्या स्कूटरच्या मॅग्नेटोतून एसी येतो. तो थेट जोडला तर नवे मीटर जळायला वेळ लागत नाही.

मीटर काढूनच टाकायचा विचार असेल तर तो सोडा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे स्पीडोमीटर असलाच पाहिजे.

बसवून झाले की पहाटे मोकळ्या रस्त्यावर जा. मागे बसणाऱ्याच्या हातात घड्याळ द्या आणि काटा ४०वर स्थिर ठेवा. मैलाचे दगड थोडे पुढेमागे असतात, म्हणून एक नव्हे, ५ किलोमीटर मोजा. साडेसात मिनिटे लागली तर मीटर बरोबर. पावणेसातच्या आत पोहोचलात, तर स्कूटर परत मेकॅनिककडे न्या.