अमेरिकेचा विमानप्रवास: तिकिटावरची वेळ आणि औषधांची वेळ

मुलाकडे किंवा लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेले आई-वडील दवाखान्यात तिकीट घेऊन येतात. समजा, विमान मुंबईहून रात्री 1.30 ला सुटते आणि त्याच तारखेला सकाळी 8 वाजता न्यूयॉर्कला उतरते. वाचून वाटते, साडेसहा तासांचाच प्रवास! प्रत्यक्षात अंतर साधारण 12,500 किलोमीटर आहे आणि थेट विमानालाही 16 तासांच्या आसपास लागतात. न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ, तर हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते, म्हणून हा घोळ होतो.

प्रवास घरापासून मोजा

पांढरकवड्याहून नागपूर सुमारे 150 किलोमीटर, म्हणजे गाडीत तीन तास. पुढे नागपूर-मुंबई दीड तासाचे विमान, दोन्ही विमानतळांवरचे थांबणे आणि मग 16 तास. सगळे मिळून 24 तासांच्या वर जातात आणि त्यातला बहुतेक वेळ तुम्ही बसलेले असता.

मधुमेह असेल तर

उन्हाळ्यात जाताना तुमचा दिवस सुमारे साडेतेहतीस तासांचा होतो, येताना साडेचौदा तासांचा. घड्याळ पाहून इन्सुलिन घेतले, तर जाताना दोन डोसांत फार अंतर पडते. येताना डोस जवळ येऊन साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी तिकीट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि डोसांच्या वेळा भारतीय वेळेप्रमाणे लिहून घ्या. उतरेपर्यंत एक घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवा.

इन्सुलिन, सगळ्या गोळ्या, चिठ्ठी, साखर तपासण्याचे मशीन आणि ग्लुकोज किंवा बिस्किटे हातातल्या बॅगेत ठेवा. सामानात टाकलेले इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते.

पायातली गुठळी

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अहवालानुसार, चार तासांहून अधिक बसून प्रवास केल्यास शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. निरोगी माणसात तो तरीही कमीच असतो, साधारण 6,000 जणांत एक. दर तास-दोन तासांनी उठून चाला, बसल्या जागी पावले वर-खाली करा, पाणी पीत राहा. झोपेची गोळी आणि दारू टाळा. ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

आधी डॉक्टरांना विचारा

पूर्वी गुठळी झाली असेल, नुकतेच ऑपरेशन किंवा हार्ट अटॅक झाला असेल, कॅन्सर, गरोदरपण किंवा दम्यासारखा श्वासाचा आजार असेल, तर तिकीट काढण्यापूर्वीच विचारा. विमानातली हवा 1,800 ते 2,400 मीटर उंचीच्या डोंगरावरच्या हवेइतकी विरळ असते.

थांबू नका

प्रवासात किंवा नंतरच्या काही आठवड्यांत एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अचानक दम लागला किंवा छातीत दुखले, तर विमानात लगेच कर्मचाऱ्यांना सांगा. अमेरिकेत असाल तर 911, भारतात 108 ला फोन करा. "प्रवासाचा थकवा असेल" म्हणून अंगावर काढू नका.