जिगचा जुना रंग काढताना

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि खडकावर उभे राहून गळ टाकणे जिवावर बेतू शकते. त्यामुळे कोकण किनाऱ्यावरचे अनेक हौशी मासेमार नारळी पौर्णिमेपर्यंत घरी बसून सामानाची डागडुजी करतात. रिळाला तेल द्यायचे, गंजलेले हूक बदलायचे आणि जिग नव्याने रंगवायचे. जिग म्हणजे छोट्या माशासारखा दिसणारा धातूचा ओतीव, जड तुकडा. पाण्यात खाली सोडून झटके देत वर ओढला की सुरमई किंवा गोबरा त्याला खरा मासा समजून झेप घेतो. खडकांवर आपटून आणि माशांचे दात लागून रंगाचे टवके उडतात. नवा रंग नीट बसावा म्हणून जुना काढायला घेतला जातो. बाहेर पाऊस, म्हणून खिडक्या बंद. आणि पाणी व गॅस हाताशी, म्हणून जागा बऱ्याचदा स्वयंपाकघराच्या ओट्याची.

बहुतेक जिग शिशाचे असतात. शिसे स्वस्त, पाण्याच्या अकरापट जड आणि ३२७ अंश सेल्सिअसला वितळणारे, म्हणून ओतायला सोपे. वर रंग असतो तोवर ते झाकलेले राहते. कोरड्या पॉलिश पेपरने घासले की रंगाबरोबर शिशाचीही भुकटी निघते. जुना पिवळा किंवा नारिंगी रंग असेल, तर त्या रंगातच शिशाचे संयुग असण्याची शक्यता असते. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम २०१६ साली आले. त्याआधी रंगवलेल्या वस्तूंना त्यांचा उपयोग नाही.

घासण्याचा कंटाळा आला की जिग चिमट्यात धरून गॅसवर धरला जातो. सगळ्यांत वाईट मार्ग हाच. ज्योतीचे तापमान शिशाच्या वितळण्याच्या तापमानापेक्षा कितीतरी जास्त असते. रंग जळून विषारी धूर होतो, धातू पाघळतो आणि फार तापला तर शिशाची वाफही हवेत जाते. वितळलेल्या शिशाजवळ पाण्याचा थेंब गेला तर ते स्फोटासारखे उडते आणि चेहरा, डोळे भाजतात.

दुसरा मार्ग पेंट रिमूव्हरचा. अनेक रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड असते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने बंद खोलीत खाली साचते. श्वासावाटे आत गेल्यावर आधी गुंगी येते. मग शरीरात त्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि ही क्रिया माणूस मोकळ्या हवेत आल्यावरही काही तास चालू राहते. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर अशा वेळी फसवते. प्राणवायू धरलेले आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेले हिमोग्लोबिन यांतला फरक त्याला कळत नाही, आकडा ९८ दिसू शकतो. बाथटबचा रंग काढताना झालेल्या मृत्यूंनंतर अमेरिकेने २०१९ मध्ये असे रिमूव्हर सामान्य ग्राहकांना विकायला बंदी केली. धुळीसाठीचा एन-९५ मास्क ही वाफ अडवत नाही.

मोठ्या माणसाला एखाद्या दिवसाच्या घासण्याने लगेच काही जाणवणार नाही. घोर आहे तो घरातल्या रांगत्या मुलाचा. ओट्यावरून फरशीवर गेलेली भुकटी त्याच्या हाताला लागते आणि हात तोंडात जातो. गिळलेल्या शिशापैकी मुलांच्या शरीरात शोषले जाणारे प्रमाण मोठ्यांच्या चार ते पाच पट असते. लोहाची कमतरता असेल तर आणखी जास्त. ती आपल्याकडे किती मुलांत असते, हे वेगळे सांगायला नको. लक्षणे बहुधा दिसतच नाहीत. नुकसान होते ते वाढत्या मेंदूचे, आणि ते भरून येत नाही. गर्भवतींनाही या कामापासून दूर ठेवावे, कारण शिसे वारेतून बाळापर्यंत जाते.

खरे तर पूर्ण रंग खरवडायची गरज क्वचितच असते. खालचा थर माशाला दिसत नाही. सुटलेले टवके काढून, कडा ओल्या वॉटर पेपरने घासून वर प्रायमर दिला तरी पुरते. रंग काढायचाच असेल तर आधी हूक काढावेत आणि जिग झाकणाच्या काचेच्या बरणीत ॲसिटोनमध्ये रात्रभर बुडवून ठेवावेत. साधा रंग त्यात मऊ होतो, पावडर कोटिंग मात्र सहसा दाद देत नाही. ॲसिटोन पेट्रोलइतक्याच सहज पेट घेते, त्यामुळे बरणी घराबाहेर, आडोशाला, मुलांच्या आवाक्याबाहेर आणि देवघरातल्या निरांजनापासूनही लांब हवी. खाली वर्तमानपत्र अंथरावे, हातमोजे घालावेत, कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत, त्या दिवशीचे कपडे वेगळे धुवावेत. शिशाची गोळी दातांनी दाबून दोरीवर बसवायची सवय असेल तर तीही सोडावी.

मुलाने जिग किंवा शिशाची गोळी गिळली असेल तर उलटी करवू नये, थेट रुग्णालयात न्यावे. ती जठरात अडकली तर तिथल्या आम्लात शिसे विरघळत राहते. एक्स-रेमध्ये गोळी स्पष्ट दिसते. नुसत्या भुकटीची शंका असेल तर रक्तातील शिशाची तपासणी करता येते. डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आकडा आला तर शिसे कुठून येते ते शोधून थांबवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलांत तो ४५ वर गेला तर शिसे बाहेर काढणारी औषधे द्यावी लागतात. त्याखाली मुख्य उपचार एकच, जिगचा डबा आणि ती बरणी घरातून हलवणे.