चिलापी कुठे सापडते, गळाला कशी लागते

घोड आणि भीमा खोऱ्यातील गोड्या पाण्यात गळाला सहज लागणाऱ्या माशांत चिलापी ठळक आहे. पुणे जिल्ह्यातील निरगुडसर गावाचा परिसर घोड नदीच्या खोऱ्यात येतो. नदीच्या वरच्या अंगाला डिंभे धरणाचा हुतात्मा बाबू गेनू सागर आहे, तर खाली बंधारे आणि शेततळी. या पाण्यात गळ टाकणाऱ्यांच्या बऱ्याच समजुती सगळे मासे एकसारखेच असतात, असे धरून चालण्यातून आलेल्या आहेत.

पहिली समजूत माशाच्या ओळखीबाबतची. अमेरिकेतील तळ्यांवर क्रॅपी नावाचा मासा पकडण्याच्या चित्रफिती मोबाइलवर दिसतात. चपटे अंग आणि पाठीवरचे काटेरी पर पाहून तो चिलापीच वाटतो. प्रत्यक्षात क्रॅपी मूळचा उत्तर अमेरिकेचा आणि वेगळ्या कुळातला मासा आहे. तो मुख्यतः लहान मासे आणि पाणकिडे खातो, म्हणून तिकडे जिवंत मासोळी किंवा चमकदार खोटे आमिष वापरतात. चिलापीचा मुख्य आहार शेवाळ, पाणवनस्पती आणि तळाचा कुजका गाळ हा आहे. किडे, गांडुळे मिळाली तर तीही ती खाते. तिच्यासाठी लहान गळ, कणकेची घट्ट गोळी, शेंगदाण्याची पेंड किंवा गांडुळाचा छोटा तुकडा हेच कामाचे. मोठ्या गळावर लावलेले आमिष ती कडेकडेने कुरतडून नेते आणि गळ रिकामा वर येतो.

चिलापी इथलीच, हाही असाच एक समज. ती मूळची आफ्रिकेची असून 1952 साली भारतात आणली गेली.

जिथे पाणी खोल तिथे मासा जास्त, ही समजूत सर्वांत पक्की आणि सर्वांत चुकीची आहे. उन्हाळ्यात वरचे पाणी तापून हलके होते आणि खालच्या थंड पाण्यात मिसळत नाही. त्यामुळे खोल तळाशी प्राणवायू कमी पडतो. शिवाय शेवाळाला ऊन लागते आणि ऊन उथळ पाण्यातच तळापर्यंत पोहोचते. म्हणून चिलापी काठाजवळच्या गवतात, बुडालेल्या झाडांच्या खोडांजवळ, दगडांच्या आडोशाला शोधावी. डिंभ्याच्या पाण्याखाली जुने आंबेगाव हे गाव गेलेले आहे. अशा जलाशयात बुडालेले बांध आणि चौथरे माशांना आसरा देतात. मात्र जाळे आणि गळ अडकतात तेही तिथेच. पावसाळ्यानंतर धरण भरलेले असताना मासा दूरवर पांगतो. एप्रिल-मेमध्ये पाणी ओसरले की तो थोड्या जागेत एकवटतो. थंडीत पाण्याचे तापमान 20 अंशांच्या खाली गेले की चिलापीचे खाणे मंदावते. मग पहाटेपेक्षा दुपारच्या उन्हात काठ गाठणे अधिक शहाणपणाचे.

काठावर बोलले की मासा पळतो, असेही म्हणतात. हवेतला आवाज बहुतांशी पाण्याच्या पृष्ठभागावरूनच परततो. पाय आपटल्याचा हादरा मात्र जमिनीतून पाण्यात उतरतो आणि माशाला अंगावरच्या पार्श्वरेषेने तो जाणवतो. हळू आवाजातल्या गप्पांपेक्षा जड पावले जास्त घातक.

वाढीविषयीचा गैरसमज नीट समजून घेण्यासारखा आहे. बोटभर चिलापी म्हणजे पिल्लू, सोडली तर मोठी होईल, असे वाटते. चिलापीचा नर उथळ तळाला खळगा करतो. मादी तिथे अंडी घालून ती तोंडात घेते, आणि अंडी व पिले मिळून सुमारे तीन आठवडे तोंडात सांभाळते. त्यामुळे पिले मोठ्या संख्येने जगतात. वर्षातून अनेकदा वीण होते, तळ्यात गर्दी वाढते आणि अन्न अपुरे पडून लहान आकारातच मासा प्रौढ होतो. गच्च भरलेल्या शेततळ्यातली बोटभर चिलापी पूर्ण वाढलेली असू शकते. ती परत सोडून तळ्याला काही लाभ नाही.

रोहू-कटल्याचे उलट आहे. धरणात पाणी आहे म्हणजे हे मासे आपोआप वाढतील, हा समज खरा नाही. साचलेल्या पाण्यात त्यांची वीण होत नाही, त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. डॉ. हिरालाल चौधरी यांनी 10 जुलै 1957 रोजी ओडिशात संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांची वीण घडवून आणली. मत्स्यबीज केंद्रे त्याच पायावर उभी राहिली, आणि तो दिवस मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. जलाशयातला कटला हा बहुधा विकत आणून सोडलेल्या बोटुकलीतून वाढलेला असतो. म्हणून गळाला लागलेले त्याचे पिल्लू सोडून द्यावे.

चिलापीला येणारा चिखलाचा वास हा मासा खराब असल्याची खूण नव्हे. निळ्या-हिरव्या शेवाळात आणि तळाच्या जिवाणूंत तयार होणारा जिओस्मिन हा पदार्थ मांसात उतरतो. स्वच्छ पाण्यात काही दिवस ठेवल्यास तो कमी होतो. सांडपाणी मिसळणाऱ्या जागेचा मासा मात्र वास नसला तरी टाळावा.

पाणी सरकारी म्हणून मासा कोणाचाही, हा शेवटचा गैरसमज. जलाशयातील मासेमारीचा हक्क ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांना दिला जातो, आणि बीज सोडण्याचा खर्चही त्याच करतात. डिंभ्यात धरणग्रस्त आदिवासी कुटुंबांचे पोट या मासेमारीवर आहे. सुरुंग किंवा विष वापरून मासे मारणे कायद्याने गुन्हा आहे. हौसेखातर एक गळ टाकायचा असला तरी आधी संस्थेची परवानगी घ्यावी.