शंभर सर्व्हिस मारल्या, मग मॅचमध्ये काय होतं?

सकाळी एका दमात शंभर शॉर्ट सर्व्हिस मारल्या, सगळ्या मस्त. आणि संध्याकाळच्या मॅचमध्ये? नेटमध्ये! होतं ना असं?

दोस्तांनो, मेहनतीत परभणी मागे नाही. आपल्या ज्योती गवतेनं 2017 च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला नंबर काढला, तो काय उगाच? पण बॅडमिंटन, क्रिकेटसारख्या खेळांत मेहनतीइतकाच सरावाचा क्रमही महत्त्वाचा.

सिना गूड आणि रिचर्ड मॅगिल या अमेरिकन संशोधकांनी 1986 मध्ये बॅडमिंटनमध्ये नवख्या मुलींचे गट केले. सर्व्हिसचे प्रकार तेच तीन. एका गटानं एकेक प्रकार घोटला, तर दुसऱ्यानं तिन्ही उलटसुलट मारले. नंतरच्या चाचणीत, अगदी कोर्टाची बाजू बदलल्यावरही, उलटसुलटवाला गट सरस ठरला.

कारण सोपं आहे. प्रकार बदलला की दर वेळी डोकं नव्यानं चालवावं लागतं. मॅचमध्येही तेच लागतं. सराव सुरळीत चाललाय म्हणजे शिकणं चाललंय, असं नसतं.

म्हणून सेलूत खेळा की जिंतूरमध्ये, एकदा हात बसला की प्रकार मिसळून मारा. सुरुवातीला चुका वाढतील. खचू नका, शिकणं तिथंच होतं!