डेकवर स्कूटरचा रेनकोट चालत नाही



31 जुलैला मासेमारी बंदी संपते. इंजिनाचं काम, जाळ्यांची डागडुजी, रंग, कागदपत्रं या गडबडीत रेनकोटची आठवण होते ती शेवटच्या दिवशी. मग बाजारात जाऊन समोर दिसतील ते डझनभर कोट, सगळे एकाच मापाचे, उचलायचे आणि खलाशांना वाटून टाकायचे. पहिल्या काही फेऱ्यांतच निम्मे फाटतात, बाकीचे केबिनमध्ये खिळ्याला टांगलेले असतात आणि माणूस ओल्या अंगानेच काम करतो. ऑगस्टच्या रात्री भिजलेल्या अंगाला वारा लागला की आपल्या गोव्यातसुद्धा हुडहुडी भरते, बोटं आखडतात. अशा बोटांनी विंचवर दोर सांभाळायचा म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

स्कूटरचा कोट पातळ कापडाचा असतो. पणजीहून म्हापशाला जाईपर्यंत पाऊस अडवायला तो पुरतो. डेकवर मात्र पाऊस हा त्रासाचा लहान भाग. जाळं छातीला घासतं, खारं पाणी तोंडावर येतं, माशांचे काटे लागतात, बर्फाचे क्रेट उचलावे लागतात. तिथे पॉलिएस्टर कापडावर पीव्हीसीचा जाड थर दिलेलाच कोट हवा. जड असतो, उकडतं, हे कबूल. पण टिकतो, आणि पाणी ओतलं की खवले नि चिकटा निघून जातो.

काहीजण विचारतात, घाम बाहेर सोडणारे महागडे कोट मिळतात, ते घ्यावेत का? त्या कापडात अतिशय बारीक छिद्रं असतात; वाफ बाहेर जाते, पाणी आत येत नाही. खोटं काही नाही त्यात. पण वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते. आपल्या पावसाळ्यात दर्यावर कोरडी हवा कुठून आणणार? शिवाय माशाचं तेल नि मीठ बसलं की ते कापड लवकर कामातून जातं. डोंगर चढणाऱ्यांनी घ्यावेत, आपण पैसे घालू नयेत. त्यापेक्षा पाठीवर झडप आणि तिच्याखाली हवेला फट असलेला कोट बघा, आणि आत जाड सुती बनियन घालू नका. सुती कापड घाम पिऊन ओलंच राहतं. पातळ सिंथेटिक टी-शर्ट बरा.

दुकानात कोट उलटा करून शिवण बघा. सुईचं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला वाट. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली हवी, किंवा शिवणीऐवजी उष्णतेने जोड केलेला हवा. एक कोट आणून बाहीचं तोंड दोरीने घट्ट बांधा, बाहीत पाणी भरा आणि दहा मिनिटं टांगून ठेवा. जोडावर थेंब दिसला तर बाकीचे घेऊ नका. बाहीच्या आत दुसरा इलॅस्टिकचा कफ आहे का, तेही बघा. दोर ओढताना हात वर जातात आणि पाणी थेट काखेपर्यंत उतरतं. पँट गमबुटाच्या बाहेरून सोडायची, आत खोचली की बूट भरलाच.

मालकांनो, माप प्रत्येकाचं वेगळं घ्या. यात काटकसर नको. लोंबणारी बाही किंवा टोपीची सुटी नाडी विंचमध्ये गेली तर कोटाबरोबर हातही जातो. रंग भगवा किंवा पिवळा. निळा कोट घातलेला माणूस पाण्यात पडला तर लाटांत दिसत नाही. आणि लाइफ जॅकेट कोटाच्या वरून घालायचं. फुगणारं असेल तर आत घालणं फारच धोक्याचं, फुगायला जागा नसते आणि छाती आवळली जाते.

आता निगा. किनाऱ्याला लागलात की गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवा आणि सावलीत टांगा. कडक उन्हात पीव्हीसी हळूहळू कडक होतं आणि घडीवर चिरतं. ग्रीसचा डाग काढायला डिझेल किंवा रॉकेल लावायची सवय सोडा, त्यानेही तेच होतं. साबणाचं कोमट पाणी नि मऊ ब्रश पुरे. इस्त्री अजिबात नाही. हलके, मऊ, पीयूचा थर असलेले कोट ज्यांच्याकडे आहेत त्यांनी जास्त जपावं. ते दमट ठेवले की आतला थर चिकट होऊन सालपटासारखा निघतो आणि मग दुरुस्ती नाही. पीव्हीसीचं भोक मात्र बुजवता येतं. जागा साबणाने धुऊन पूर्ण वाळवा, जुन्या कोटाचा गोल तुकडा कापा (चौकोनी कापला तर कोपरे उचलतात), पीव्हीसीला चालणारं सोल्यूशन दोन्हीकडे लावून दाबा आणि रात्रभर वजन ठेवा.

गेल्या सीझनचे कोट गोणीत कोंबून ठेवले असतील तर आजच काढा. उंदरांनी कुरतडलेत का, ते उजेडासमोर धरून बघा. एकही भोक दिसलं तर ठिगळ लावायला अजून वेळ आहे.